धर्मग्रंथ आणि सरकारी मोहोर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘धर्म आणि राज्यसत्ता’ असा विषय कळवला होता. एवढा मोठा विषय पाऊण तासात मावायचा नाही, आणि अशा विषयावर बोलताना वक्त्याचे पाय लवकरच जमिनीवरून सुटतात. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न उचलला आहे. बहुसंख्य लोकांचा धर्मग्रंथ कायदेमंडळाने कायदा करून ‘सरकारी ग्रंथ’ म्हणून जाहीर केला, तर काय होते? त्या ग्रंथाचा मान वाढतो काय? आणि जे त्या धर्माचे नाहीत त्यांच्या पदरात काय पडते? हा प्रश्न अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१५ आणि २०१६ साली प्रत्यक्ष विधिमंडळापुढे आला आणि मतदानाला पडला. आधी ती हकीकत ऐकू, मग आपल्या घराकडे वळू.

टेनेसी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे राज्य. नॅशव्हिल ही त्याची राजधानी. त्या सगळ्या मुलखाला तिकडे ‘बायबलचा पट्टा’ असेच म्हणतात, इतकी चर्चला जाणारी वस्ती तिथे मोठी आहे. आता आपल्या महाराष्ट्राची जशी मानचिन्हे आहेत, म्हणजे शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यफूल आणि २०२३ पासून पापलेट हा राज्यमासा, तशी टेनेसीचीही आहेत. (पापलेटला हा मान मिळाल्यावर आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींना आनंद झाला, भाव मात्र उतरला नाही.) टेनेसीचा राज्यप्राणी रॅकून. राज्यपक्षी मॉकिंगबर्ड. राज्यफळ टोमॅटो, राज्यपेय दूध. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिथल्या विधिमंडळाने बॅरेट नावाची एक अति ताकदवान बंदूक ‘राज्याची रायफल’ म्हणून जाहीर केली.

ह्याच यादीत ‘राज्यग्रंथ’ म्हणून पवित्र बायबल घालावे, असे विधेयक आले. खालच्या सभागृहात ते जेरी सेक्स्टन ह्या सभासदांनी मांडले, जे पूर्वी धर्मोपदेशक होते. वरच्या सभागृहात स्टीव्ह सदरलँड ह्यांनी. २०१५ साली खालच्या सभागृहाने ते ५५ विरुद्ध ३८ मतांनी मंजूर केले. वरच्या सभागृहाने त्या वर्षी ते समितीकडे परत पाठवले. राज्याचे महाधिवक्ता हर्बर्ट स्लेटरी ह्यांनी लेखी मत दिले होते की, हे विधेयक अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आणि खुद्द टेनेसीच्या राज्यघटनेच्याही विरुद्ध जाते. टेनेसीच्या घटनेत कलमच आहे की, कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा उपासनापद्धतीला कायद्याने झुकते माप देता येणार नाही. तरीही ४ एप्रिल २०१६ रोजी वरच्या सभागृहाने विधेयक १९ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केले आणि ते गव्हर्नरच्या सहीसाठी गेले.

तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार पाहतो, आणि विधेयक नाकारण्याचा अधिकारही त्याला असतो. त्या वेळचे गव्हर्नर बिल हॅस्लम हे सभागृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचेच, आणि स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. १४ एप्रिल २०१६ रोजी त्यांनी नकाराधिकार वापरला. हा नकार ओलांडायला खालच्या सभागृहात ९९ पैकी ५० मते लागत होती. २० एप्रिलला मतदान झाले आणि बाजूने ४३ व विरुद्ध ५० मते पडली. विधेयक तिथेच संपले.

हॅस्लम ह्यांनी सही का केली नाही? घटनेचे कारण तर त्यांनी सांगितलेच. पण मला दुसरे कारण महत्त्वाचे वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, बायबल हे ईश्वराचे वचन आहे असे जर आपण मानतो, तर ते केवळ ऐतिहासिक आणि आर्थिक महत्त्वाचे पुस्तक म्हणून सरकारने गौरवावे, ह्यात त्या ग्रंथाचे अवमूल्यन आहे.

‘आर्थिक महत्त्व’ हा शब्द ऐकून आपण चमकलात, ते मला इथून दिसले. पण तो शब्द हॅस्लम ह्यांनी आणला नव्हता. तो विधेयकाच्या कैवाऱ्यांनी आणला होता. न्यायालयात टिकायचे तर ‘आम्ही धर्माला सरकारी आधार देत नाही’ असे म्हणणे त्यांना भाग होते. म्हणून त्यांनी कारणे काय दिली? जुन्या काळी टेनेसीतली घराणी जन्ममृत्यूच्या नोंदी घरच्या बायबलच्या पानांवर करीत, तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने हा ग्रंथ महत्त्वाचा. (आपल्याकडेही जुन्या घरांत कुरआन शरीफच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या सापडतात.) दुसरे कारण असे की, नॅशव्हिलमध्ये बायबल छापण्याचा आणि वाटण्याचा व्यवसाय फार मोठा आहे, तेव्हा राज्याच्या अर्थव्यवस्थेला हा ग्रंथ उपकारक. म्हणजे पाहा, ज्यांना बायबलचा मान वाढवायचा होता, त्यांनाच भर सभागृहात त्याची वकिली वंशावळीची वही आणि छापखान्याचा माल म्हणून करावी लागली. ह्या ग्रंथाला आम्ही का मानतो ते खरे कारण तेवढे बोलायची सोय नव्हती! सरकारी कचेरीत शिरण्यासाठी धर्मग्रंथाला आपले पावित्र्य चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवावे लागते, असा ह्याचा अर्थ.

हे एकाच राज्यात घडले असे नाही. लुइझियानात २०१४ साली असेच विधेयक आले होते. ते आधी राज्याच्या वस्तुसंग्रहालयातल्या बायबलच्या एका विशिष्ट जुन्या प्रतीपुरते होते. लगेच प्रश्न निघाला, कोणते बायबल? कॅथलिकांचे निराळे, प्रॉटेस्टंटांचे निराळे. मग विधेयकाचे शब्द सैल करून सगळी बायबले त्यात घेतली गेली, आणि शेवटी मांडणाऱ्या सभासदाने पूर्ण सभागृहापुढे जाण्याआधीच ते मागे घेतले. टेनेसीतही पुढे २०२४ साली निराळ्या वाटेने एक कायदा झाला. त्यात एकदम दहा ‘राज्यग्रंथ’ जाहीर झाले. त्या दहांत एक आहे रॉबर्ट एटकन ह्या मुद्रकाने १७८२ साली छापलेले बायबल, अमेरिकेत छापलेले पहिले संपूर्ण इंग्रजी बायबल म्हणून. त्याच यादीत डॉली पार्टन ह्या गायिकेचे मुलांसाठीचे पुस्तक आहे आणि ॲलेक्स हेली ह्यांची ‘रूट्स’ ही कादंबरी आहे, जिचा नायक कुंटा किंटे हा गुलाम म्हणून पकडून नेलेला गांबियाचा मुसलमान मुलगा. मला ह्या यादीत वाईट काही दिसत नाही. पण ईश्वराचे वचन यादीत घ्यायला निघालेले सरकार अखेर एका छापखान्याची आणि छपाईच्या सालाची नोंद करून थांबले, हे आपण पाहिले पाहिजे.

अमेरिकेच्या नाण्यांवर आणि नोटांवर ईश्वरावर विश्वास असल्याचे एक बोधवाक्य असते. १९५६ पासून ते त्या देशाचे अधिकृत बोधवाक्य आहे. धर्मनिरपेक्ष देशात हे कसे चालते? १९८४ च्या एका खटल्यातल्या आपल्या भिन्नमतपत्रात न्यायमूर्ती ब्रेनन ह्यांनी असा विचार मांडला की, सतत घोकून घोकून अशा शब्दांतला धार्मिक अर्थ उरलेलाच नाही, म्हणून ते खपून जातात. एखाद्या नमाजी माणसाने ह्या वाक्यावर क्षणभर थांबावे. ईश्वराचे नाव सरकारी नाण्यावर राहू शकते, कारण ते आता ईश्वराचे नाव म्हणून कोणी वाचत नाही!

आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट कोणत्याही न्यायमूर्तीच्या आधी कळली होती. पत्राच्या माथ्यावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या चोपडीवर ते ‘बिस्मिल्लाह’ पूर्ण न लिहिता ७८६ हा आकडा का लिहीत? कागद पायाखाली जाईल, वाण्याच्या पुडीला जाईल, रद्दीत जाईल, अल्लाहच्या नावाची बेअदबी होईल, ह्या धास्तीने. ह्या आकड्याला शास्त्राधार आहे की नाही ह्यावर उलेमांत मतभेद आहेत. तो वाद त्यांच्याकडे राहू द्या. मी त्यामागची भीती तेवढी सांगतो आहे. जे जागोजागी छापले जाते, ते जागोजागी तुडवलेही जाते.

हे मुसलमानी देशांच्या बाबतीतही खरे ठरले आहे. सौदी अरेबियाच्या हिरव्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे. त्यामुळे तो झेंडा शोकप्रसंगीसुद्धा अर्ध्यावर उतरवत नाहीत. इथवर ठीक. पण झेंडा हे सरकारचे चिन्ह आहे, आणि सरकारी चिन्ह कुठे कुठे छापले जाईल त्याला धरबंध नसतो. १९९४ साली अमेरिकेत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, सौदीचा संघही खेळत होता. मॅकडोनल्ड ह्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने भाग घेणाऱ्या सर्व देशांचे झेंडे कागदी पिशव्यांवर छापले. वडापावाचा कागद आपण खाऊन झाल्यावर टाकतो तशाच त्या पिशव्या. कलमा कचऱ्याच्या डब्यात! तक्रारी झाल्या आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. २००७ साली अफगाणिस्तानच्या खोस्त भागात अमेरिकी लष्कराने मुलांना खूश करण्यासाठी हेलिकॉप्टरमधून फुटबॉल टाकले. त्यांवर निरनिराळ्या देशांचे झेंडे होते आणि त्यांत सौदीचाही होता. ज्यावर कलमा आहे त्या चेंडूला लाथ कशी मारायची? लोक रस्त्यावर आले आणि लष्कराने दिलगिरी व्यक्त केली. छापणाऱ्याच्या मनात अपमान करायचे नव्हते, हे आपण मान्य करू. त्याने एका देशाचा झेंडा छापला एवढेच.

आणि इराकचे उदाहरण पाहा. सद्दाम हुसेन ह्यांचा बाथ पक्ष स्वतःला निधर्मी म्हणवणारा. ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी कुवेतवर चाल केली, म्हणजे शेजारच्या मुसलमान देशावर. साऱ्या जगाची फौज समोर उभी राहिली, तेव्हा जानेवारी १९९१ मध्ये इराकच्या झेंड्यावर ‘अल्लाहु अकबर’ हे शब्द आले. त्याआधी इतकी वर्षे झेंडा त्या शब्दांवाचून फडकत होता. शब्द तेच, जे मुअज्जिन दिवसातून पाच वेळा उच्चारतो. पण ते झेंड्यावर कोणी चढवले आणि कोणत्या घटकेला चढवले, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचा तिथला अर्थ कळणार नाही. इस्लामी इतिहासाचे विद्यार्थी इथे सिफ्फीनची लढाई आठवतील. इ. स. ६५७ मध्ये, लढाई हातची जात आहे असे दिसताच भाल्यांच्या टोकांवर कुरआनची पाने उंचावली गेली होती. ते प्रकरण आपल्याला आजही दुखते, म्हणून त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जे त्या धर्माचे नाहीत त्यांचे काय?

ह्यासाठी पुन्हा टेनेसीतच जाऊ. नॅशव्हिलपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर मर्फ्रीसबरो नावाचे गाव आहे. तिथल्या मुसलमानांनी इस्लामिक सेंटर आणि मशीद बांधायचे ठरवले. २०१० साली नियोजन मंडळाची परवानगी मिळाली आणि विरोध सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांधकामाच्या जागेवरच्या यंत्रसामग्रीला आग लावली गेली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि तिथे विरोधकांच्या बाजूने काय मांडले गेले ते ऐका: इस्लाम हा धर्मच नव्हे, म्हणून त्याला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण नाही! शेवटी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या न्यायखात्याला न्यायालयात लेखी सांगावे लागले की इस्लाम हा धर्म आहे. चौदाशे वर्षांनंतर हा दाखला मिळवावा लागला. २०१२ साली स्थानिक न्यायाधीशाने जाहीर सूचनेतल्या उणिवेवरून परवानगी रद्द ठरवली. मग जुलैमध्ये केंद्रीय न्यायालयाने हुकूम दिला, आणि ऑगस्टमध्ये, रमजानच्या महिन्यात, तिथे नमाज झाली. २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील ऐकायला नकार दिला.

मर्फ्रीसबरोच्या मशिदीचे दार उघडले ते ज्या तत्त्वाच्या जोरावर, त्याच तत्त्वाने चार वर्षांनी बायबलला ‘राज्यग्रंथ’ होऊ दिले नाही. सरकारने धर्माधर्मांत पंक्तिप्रपंच करू नये, हे ते तत्त्व. आपल्या मशिदीच्या वेळी ते हवे आणि दुसऱ्याच्या ग्रंथाच्या वेळीही हवे, पण आपल्या ग्रंथाचा प्रश्न आला की नको, असे म्हणता येणार नाही. पुष्कळदा आपली बोलणी अशीच चालतात: अल्पसंख्य असू तिथे धर्मनिरपेक्षता गोड लागते, आणि बहुसंख्य असलेल्या देशांचे नाव निघाले की आपण विषय बदलतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वादविवाद स्पर्धेत समोरचा हुशार असेल तर तो नेमके हेच विचारील. त्याला द्यायचे उत्तर आतापासून तयार ठेवा.

टेनेसीतच आणखी एक जुने प्रकरण आहे, ते शिक्षकांसाठी सांगतो. १९२५ साली तिथे कायदा झाला की, बायबलमधल्या मानवनिर्मितीच्या कथेला नाकारणारी शिकवण सरकारी शाळेत देता येणार नाही. जॉन स्कोप्स नावाच्या तरुण शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला भरला गेला आणि त्याला शंभर डॉलर दंड झाला. पुढे १९२७ साली ती शिक्षा एका तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. कायदा मात्र १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला. उत्क्रांतीविषयी आपल्यापैकी कोणाचे मत काहीही असो. कायदेमंडळाने धर्मग्रंथ हातात घेतला की तो पुढे पुष्कळदा शाळामास्तराच्या टेबलावर पोलिसासारखा येऊन बसतो, हे शाळा चालवणाऱ्यांनी विसरू नये.

आता स्वदेशी येऊ. आपल्या घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रास्ताविकेवर चर्चा झाली. ह. वि. कामत ह्यांनी सुचवले की प्रास्ताविकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. हेतू वाईट नव्हता; कामत श्रद्धाळू होते आणि स्वातंत्र्यसैनिक होते. पण लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले की, आमचा मुलूख कामाख्येचा. मग ‘देवीच्या नावाने’ का नको? त्रावणकोरचे थानू पिल्लै ह्यांनी सांगितले की, ह्यात श्रद्धेच्या बाबतीत सक्ती येते. हृदयनाथ कुंझरू ह्यांनीही विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जी ह्यांनी कामतांना विनवले की ईश्वरावर मतदान करण्याच्या संकटात आम्हांला टाकू नका. कामत ऐकेनात. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक होते असे मानणे चुकीचे ठरेल. ज्याच्या नावाची मते मोजायची तो ईश्वर, हीच गोष्ट पुष्कळांना खटकली असली पाहिजे.

त्याच काळात देशाचे पहिले शिक्षणमंत्री होते मौलाना अबुल कलाम आझाद. कुरआनाचा उर्दू तर्जुमा आणि भाष्य लिहिणारा हा माणूस, ‘तर्जुमानुल कुरआन’चा कर्ता. शिक्षणखाते अकरा वर्षे त्यांच्याकडे होते. आपल्या पुस्तकावर त्यांनी खात्याचा शिक्का मारला नाही. ते पुस्तक वाचकांच्या बळावर आजही छापले जाते.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीतल्या एका समारंभात त्या वेळच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज ह्यांनी भगवद्गीतेला राष्ट्रीय ग्रंथ म्हणून जाहीर करावे अशी मागणी केली होती. तसा कायदा झालेला नाही. अशी मागणी निघाली की आपल्या मोहल्ल्यात अस्वस्थता पसरते. ती मी समजू शकतो. पण उत्तर देताना गीतेविषयी वावगा शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये. त्या ग्रंथाचा ह्या मातीतला इतिहासच पाहा. १२९० साली ज्ञानेश्वरांनी तो मराठीत आणला. तेव्हा त्यावर देवगिरीच्या दरबाराची मोहोर नव्हती, आणि नंतरही सातशे वर्षे ज्ञानेश्वरी कोणा सरकारने जगवली नाही. शेतकऱ्याने, शिंप्याने, वारकऱ्याने पाठ करून ती जगवली. विनोबांनी ‘गीताई’ लिहिली ती घरोघर गेली. त्याच विनोबांनी अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला आणि त्यातून ‘कुराण-सार’ तयार केले. त्यांना तसे करायला कोणता सरकारी ठराव लागला? गीतेचा आदर करणाऱ्या शेजाऱ्याशी आपल्याला हे बोलता आले पाहिजे, की तुमच्या ग्रंथाला शेकरू आणि पापलेटाच्या रांगेत बसवू नका. हॅस्लम हेच आपल्या लोकांशी बोलले. वाद टाळण्यासाठी सुचवलेली ही युक्ती नाही, मला ते मनापासून खरे वाटते.

कोणी म्हणेल, आपल्या राजमुद्रेवर ‘सत्यमेव जयते’ आहे, आणि ते तर मुंडक उपनिषदातले वचन. खरे आहे. पण सत्याचा विजय होतो ह्या म्हणण्याशी कोणत्या धर्माच्या माणसाचे भांडण आहे? एक वचन सर्वांचे म्हणून उचलणे निराळे आणि अख्खा ग्रंथ एका समाजाची खूण म्हणून सर्वांवर ठेवणे निराळे. ही रेघ नेहमीच सरळ काढता येते असे मात्र मी म्हणणार नाही.

व्याख्यानाआधी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘साहेब, ही आपली संस्था, आपली शाळा. मग सर्व मुलांना दीनियात सक्तीची का करीत नाही?’ उत्तर राज्यघटनेच्या २८व्या कलमात आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धर्मशिक्षण देताच येत नाही. जी मान्यताप्राप्त आहे किंवा सरकारी अनुदान घेते, तिथे ते देता येते, पण विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीनेच. ३०व्या कलमाने आपल्याला संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २८व्याने त्या संस्थेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला संमतीचा हक्क दिला. आपल्या शाळेत हिंदू मुले आली, बौद्ध मुले आली, तर त्यांनाही तो आहे. आणि आपली मुले दुसऱ्यांच्या शाळांत जातात, ती काही थोडी नाहीत. तिथे त्यांना हेच कलम उपयोगी पडते. म्हणून ह्या शाळेत संमतीपत्रक नीट भरून घेतले जावे, ती कारकुनी बाब समजू नये, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.

थॉमस जेफरसनचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, पुढे राष्ट्राध्यक्ष. १७६५ साली, कायद्याचा विद्यार्थी असताना, त्याने कुरआनाचा जॉर्ज सेलने केलेला इंग्रजी तर्जुमा विकत घेतला. दोन भागांतले ते पुस्तक आज अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे. जेफरसन मुसलमान झाला नाही, आणि कुरआनाशी तो सर्वत्र सहमत होता असेही नाही. पण त्याने व्हर्जिनिया राज्यासाठी धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला, जो १७८६ साली मंजूर झाला. त्यात येशू ख्रिस्ताचे नाव घालावे अशी उपसूचना आली होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. पुढे आत्मचरित्रात जेफरसनने त्याचा अर्थ सांगितला की, ह्या संरक्षणात यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू, सर्वच यावेत असा सभागृहाचा हेतू होता. मुसलमान आणि हिंदू ही दोन्ही नावे त्याने घेतली आहेत. आणि जानेवारी २००७ मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुसलमान कीथ एलिसन ह्यांनी शपथेच्या छायाचित्रासाठी हात ठेवला तो जेफरसनच्या त्याच कुरआनावर. अधिकृत शपथ सभागृहात सर्वजण एकत्र घेतात, तिला कोणताच ग्रंथ लागत नाही. (आपल्या न्यायालयांतही १९६९ च्या शपथ अधिनियमातल्या नमुन्यात गीता किंवा कुरआन हातात घेण्याची अट नाही, ती दृश्ये सिनेमावाल्यांनी टिकवली आहेत.)

त्या पुस्तकाला कोणत्याही विधिमंडळाने मान दिला नव्हता. एका विद्यार्थ्याने पैसे मोजून ते घेतले आणि आपल्या कपाटात ठेवले, एवढेच.

आता माताभगिनींना एक विचारतो, राग मानू नये. आपल्या घरी कुरआन शरीफ कुठे असते? रेशमी जुजदानात, सर्वांत उंच फळीवर. आदब म्हणून ते योग्यच आहे. मुलगा आठ-नऊ वर्षांचा होतो, मकतबात नाझेरा पुरा करतो, मिठाई वाटली जाते, फोटो निघतो. त्यानंतर ते जुजदान किती वेळा उतरते? त्यातल्या एका पानाचा अर्थ त्या मुलाला मराठीत सांगता येईल का? मराठीत तर्जुमे उपलब्ध आहेत, उर्दूत तर विपुल आहेत. सरकारी चिन्हाचे जसे होते, म्हणजे सर्वांना दिसते, सर्व त्याला मान देतात आणि वाचत कोणीच नाही, तसे आपण घरातल्या घरात, कोणत्याही ठरावाशिवाय, करून ठेवलेले नाही ना? निवडणुकीच्या दिवसांत आयत छापलेली पत्रके गल्लीत पडलेली मी दर वेळी पाहतो. ती उमेदवाराने छापली, आपल्यापैकी कोणीतरी वाटली, आणि गटारातून उचलली ती एखाद्या म्हाताऱ्या चाचांनी. अशा उमेदवाराकडे मते मागायला आल्यावर त्या पत्रकाचा जाब मागा, एवढे तरी आपल्याला करता येईल.

संस्थेला माझी एक सूचना आहे, ती कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावी. शाळेच्या ग्रंथालयात एक फळी अशी असावी की, तिच्यावर कुरआन शरीफ अर्थासह मराठीत आणि उर्दूत, ज्ञानेश्वरी, गीताई, बायबलचा मराठी अनुवाद, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, आणि भारताची राज्यघटना, ही पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी ठेवलेली असावीत. कुलूप नको. वुजू करून कुरआन घ्यायचा तो घेईल, ते त्याला मकतबात शिकवलेले आहे. नववी-दहावीच्या मुलांनी शनिवारी तासभर बसावे, आणि कोणा शिक्षकाने, जमल्यास बाहेरच्या एखाद्या जाणकाराने, त्यांच्याबरोबर वाचावे. पालकांची संमती घेऊनच. खर्च फार येणार नाही. पहिल्या काही पुस्तकांची रक्कम मी चिटणीसांकडे आजच देऊन ठेवतो.

वेळ बराच झाला आहे आणि बक्षीस समारंभासाठी मुले खोळंबली आहेत.